पाहुणा झेंडा

१७ एप्रिल, गुरुवार

माझा रूममेट अनीश म्हणतो, मी बोलत नाही, ओरडतो. तो पुण्याचा, त्याला हळू बोललं की शहाणपणा वाटतो. पण अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिलमधल्या अपार्टमेंटच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत आणि शेजारच्या बाईनं दोनदा भिंत ठोकलीय, हेही खरं. म्हणून आजपासून मोठ्यानं बोलायचं ते इथं लिहायचं. अनीशला फुकटची शांतता.

एसी बंद पडला होता. दुरुस्तीला कोडी नावाचा पोरगा आला. लाल दाढी, माझ्याच वयाचा, हातांना ग्रीस. टूलबॉक्सवर फुटबॉलचा स्टिकर. मी विचारलं, कुठली टीम? त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं. कार्डिंग्टन रोव्हर्स, म्हणाला. कार्डिंग्टन म्हणजे इथून पाऊण तासावरचं बंद पडलेल्या कापडगिरण्यांचं गाव. त्याचा आज्जा गिरणीत होता. टीम खालच्या डिव्हिजनमधली, हरण्यात पटाईत.

मी म्हटलं, कोल्हापुरात आमच्या पेठेची तालीम आहे, नागझरी, तिची टीम. मॅचला अख्खी पेठ जाते, आणि शेजारची रणखांब तालीम समोर असली की पोलीस आधी येतात, पंच नंतर. तो म्हणाला, "काय सांगतोस भावा." म्हणजे म्हणाला इंग्रजीतच, पण मला ते असंच ऐकू आलं. एसी तासाभरात झाला, कोडी तीन तासांनी गेला. शनिवारी ये, म्हणालाय.

आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी मला ये म्हटलं.

२० एप्रिल, रविवार

गेलो. अनीशनं सोडलं, वर लेक्चर दिलं. "यार सत्यजित, तू मास्टर्सला आलायस, मारामाऱ्या करायला नाही. एक केस झाली की व्हिसा गेला, विमान पकडायचं." मारामारी कुठं होती? मैदान आपल्या शाळेच्या ग्राउंडएवढं. एका गोलपोस्टमागं पत्र्याचा उतरता स्टँड, त्यात ऐंशी-नव्वद पोरं. स्वतःला 'मिल हँड्स' म्हणवतात, गिरणीचे हात. आता गिरणीत कुणीच नाही. कुणी गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, कुणी टायर बदलतो, कुणी कोंबड्यांच्या कारखान्यात. या घामाच्या हवेत गळ्यापर्यंत चेन लावलेली जाकिटं घालतात, कारण इंग्लंडमधल्या जुन्या दांडगट पोरांचे व्हिडिओ बघून बघून शिकलेत. मी हसलो तर मार्विन म्हणाला, "हसू नको, तुलाही मिळणार आहे." मार्विनचे आई-बाप एल साल्व्हाडोरचे. गुटगुटीत गडी आहे, हसला की सगळे दात दिसतात.

हरलो, ३-०. पण शेवटपर्यंत गात होते. माझा घसा गेला. परतताना मार्विनच्या ट्रकच्या मागच्या बाजूला वारा खात बसलो होतो आणि डोळे भरून आले. वाऱ्यानं नव्हे. घसा बसवून घरी गेलो की आई कशी शिव्या घालायची, हळद-दूध देता देता. इथं घसा बसला तर विचारणारं कोण?

आज पप्पांचा फोन. दर रविवारचा, आमची सकाळ, त्यांची संध्याकाळ. "घसा का बसलाय?" खोटं बोलता येईना. मॅचला गेलो होतो म्हटलं. दोन वर्षं चेंडूकडं बघायचंसुद्धा नाही, असं कबूल करूनच त्यांनी मला विमानात बसवलंय. रणखांबच्या पोरांचा दगड माझ्या कपाळाला लागला, सात टाके पडले, तेव्हाच त्यांनी ठरवलं की हा पोरगा पेठेत राहायला नको. फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यांचे पॅटर्न बनवणारा माणूस, एकदा माप धरलं की बदलत नाही.

पप्पा म्हणाले, "कुठली टीम म्हणालास?" सांगितलं. "नाव कसं लिहितात?" तेही सांगितलं. "अभ्यास कर," म्हणाले आणि फोन आईकडं दिला. आता नाव गुगल करून बघणार आणि पुढच्या रविवारी ही टीम किती भिकार आहे ते मलाच सांगणार.

११ मे, रविवार

काल जिंकलो. एका गोलनं, तोही त्यांच्याच डिफेंडरच्या गुडघ्याला लागून, पण जिंकलो. कोडीनं मला मिठी मारून उचललं. मग सगळ्यांसमोर स्वतःचा मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. राखाडी, त्यावर मागावर फिरतो तसा पांढरा धोटा विणलेला. हा विकत मिळत नाही, कोडीची आत्या विणते, आणि मोजक्यांनाच देतात. मार्विन म्हणाला, "आता तू सुटत नाहीस."

रात्री तो मफलर उशाशी घेऊन झोपलो. अनीशनं फोटो काढलाय, काढू दे.

पप्पा आज जरा बऱ्या मूडमध्ये होते, कारण कळलं नाही. आई मात्र म्हणाली, "ह्यांना झोप लागंना बघ. रविवारी पहाटे चारलाच उठून बाहेरच्या खोलीत बसत्यात." बीपीची गोळी बदलून घ्या म्हटलं. ती "बघू" म्हणाली आणि हसली. यात हसण्यासारखं काय आहे?

२४ मे, शनिवार

अनीशचे आई-बाबा पुण्याहून आलेत, दीपा मावशी आणि काका. माझ्या घरचं पार्सल त्यांनी आणलं. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, आणि सगळ्यात खाली एक गोल, जड गाठोडं. पप्पांच्या कारखान्यातल्या जुन्या निळ्या शर्टात गुंडाळलेलं. दीपा मावशी म्हणाल्या, "अरे, कस्टमवाल्यानं तीनदा उघडायला लावलं. परात आहे का काय?"

हलगी होती. माझी हलगी. टिपरू आणि चिपरी, दोन्ही काड्या शर्टाच्या खिशात.

मी तिथंच कार्पेटवर बसलो. मावशींनी पाणी दिलं. शर्टाला अजून लोखंडाच्या भुशीचा वास आहे. आईचं काळीज म्हणतात ते हे. पप्पांना चुकवून माळ्यावरून काढली असणार, वर त्यांचाच शर्ट पळवला. त्यांना कळलं तर घरात रणकंदन होईल, म्हणून मी फोनवर अक्षर काढणार नाही.

१ जून, रविवार

काल हलगी वाजली कार्डिंग्टनमध्ये. कातडं सैल पडलं होतं, इथल्या दमट हवेनं. मॅचआधी पार्किंगमध्ये हे लोक शेगडीवर सॉसेज भाजतात, मी म्हटलं, सरका. निखाऱ्यावर हलगी धरली, फिरवत फिरवत शेकली. सगळे भोवती उभे. कोडी म्हणाला, "खायची काय ही?" मग मी टिपरू मारलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

पहिली दहा मिनिटं त्यांना ताल सापडेना. एकदा सापडल्यावर मात्र पत्र्याचा स्टँड नुसता थरथरत होता. मध्येच मी डोळे मिटले आणि क्षणभर मला खरंच वाटलं की उघडले तर समोर आपलं स्टेडियम असेल, उजवीकडं माझा दोस्त संग्राम, पाठीमागं अख्खी गल्ली. उघडले तर मार्विन नाचत होता. तेही वाईट नव्हतं. पण ते नव्हतं.

आज पप्पांनी विचारलं, "तिकडं हवा दमट असती काय?" लहानपणी मला दमा होता, त्याची काळजी. हो म्हटलं, पण मला त्रास नाही. "ओल धरू देऊ नकोस," म्हणाले. छातीला बाम लावतो म्हटलं. त्यावर नुसते हुंकारले.

२२ जून, रविवार

पुढच्या शनिवारी पोर्ट एल्सी. समुद्राकाठचं बंदराचं गाव, तीन तास लांब, यांचं हाडवैर. तिथल्या पोरांचा गट 'डॉकसाइड'. मागच्या वर्षी त्यांनी कोडीच्या व्हॅनच्या काचा फोडल्या होत्या. काल गॅरेजमध्ये बसून कोडी सांगत होता की डॉकसाइडचा बॅनर म्हणजे त्यांचा जीव. निळं कापड, त्यावर जहाजाचा पांढरा नांगर. बॅनर गेला की गट संपला, असा या जगातला कायदा आहे. मी म्हटलं, आमच्याकडंही झेंडा पळवतात. पण आम्ही त्याला पाहुणा म्हणतो.

मग सगळं सांगितलं. रणखांबचा झेंडा हाती लागला की तो एक रात्र आमच्या तालमीत राहतो. धुवायचा, नीट घडी घालायची, मारुतीपुढं ठेवायचा. पाय लावायचा नाही. सकाळी पेढे घेऊन त्यांच्या तालमीत नेऊन द्यायचा. ते चहा पाजतात. चहा पिताना कुणी कालची गोष्ट काढत नाही. आणि पुढच्या मॅचला परत डोकी फोडायची. पप्पा तरुणपणी दोनदा झेंडा पोचवून आलेत, हे मला आईकडून माहीत. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

कोडी हसला, म्हणाला, "लई भारी गोष्ट आहे, भावा." म्हणजे पटलं त्याला.

२९ जून, रविवार

अजून कालचेच कपडे अंगावर आहेत.

मॅच बरोबरीत सुटली. नंतर पार्किंगमध्ये ते वीस-पंचवीस जण आले. आधी शिव्या, मग बाटल्या, मग सगळं एकदम. मी खोटं लिहीत नाही, इथं कोण वाचणार आहे? मला मजा आली. पोटात लख्ख उजेड पडल्यासारखं वाटलं. तेवढ्यात कुंपणाला लावलेला त्यांचा बॅनर दिसला, राखणीला एकच पोरगा, त्याचं लक्ष मारामारीकडं. पेठेतल्या मांजरासारखा मागून गेलो, दोऱ्या तोडल्या आणि कापड पोटाशी धरून पळालो. कुणीतरी ओरडलं. माझ्या मागं येणाऱ्याच्या आडवा मार्विन आला. त्याच्या तोंडावर कशानं मारलं ते मी बघितलं नाही, आवाज तेवढा ऐकला.

पोलिसांचा सायरन झाला तसं कोडीनं माझी मान धरून मला व्हॅनमध्ये ढकललं. "तू आधी आत. तुला पकडून घेणं परवडायचं नाही." मग स्वतः चढला. मार्विन मागच्या सीटवर, तोंडाला टी-शर्ट दाबून. पुढचे दोन दात गेलेत. तरी बॅनर बघून त्यानं अंगठा वर केला.

वाटेत सगळे माझं नाव गात होते. साट्या, साट्या, सत्या म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. मला उभ्या आयुष्यात इतकं कुणी आपलं म्हटलेलं नाही. आणि गंमत बघा, त्या क्षणी मला काय वाटलं तर पप्पांनी हे बघायला हवं होतं.

पप्पांनी आज विचारलं, "सगळं ठीक हाय न्हवं?" दोनदा विचारलं. अभ्यास चाललाय म्हटलं.

३० जून, सोमवार

बॅनर माझ्याकडं आहे. कोडीनं दिला. "तुझ्या घरी कुणी शोधायला येणार नाही. शेवटच्या होम मॅचपर्यंत सांभाळ." कशासाठी ते बोलला नाही, मीही विचारलं नाही. परत द्यायचं ठरलेलंच आहे, फक्त दिवस त्याला सुचला नसेल. मी पकडला म्हणजे पाहुणा माझा.

लॉन्ड्रीत नेऊन धुतला. डाग होता एका कोपऱ्याला, मार्विनच्या रक्ताचा. थंड पाण्यात भिजवला, निघाला. घडी घालून देवाच्या फोटोपुढं ठेवलाय. अनीश म्हणाला, "हे काय सत्यनारायणाचं पातळ आहे?"

मार्विनला मेसेज केला, कसा आहेस. त्यानं दात नसलेल्या तोंडाचा फोटो पाठवला. जाऊन यायला हवं. पण आधी पाहुण्याचं बघतो. आधीच उशीर झालाय, आमच्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवतात.

५ जुलै, शनिवार

जाऊन आलो. अनीशनं गाडी दिली, कशाला ते न विचारता. मॉरिसव्हिलच्या मिठाईच्या दुकानातून पेढे घेतले, केशरी, चांगले ताजे. रस्ताभर पाइनची झाडं आणि मी एकटाच. काय बोलायचं ते पाठ करत होतो.

डॉकसाइडची पोरं बंदराजवळच्या एका बारमध्ये बसतात. दुपारची वेळ, आत सात-आठ जण. मी बॅनर दोन्ही हातांवर आडवा धरून आत गेलो, वर पेढ्यांचा बॉक्स. सगळ्यांनी हातातले ग्लास खाली ठेवले. मी म्हटलं, "तुमचा झेंडा आणलाय. स्वच्छ धुतलाय. आमच्याकडं अशी पद्धत आहे." एक जण उठून माझ्या छातीला छाती लावून उभा राहिला. मागून एक टकला, मोठ्या वयाचा माणूस आला, त्याला बाजूला केलं आणि बॅनर घेतला. उलगडून बघितला, वास घेतला. विचारलं, "तुला मिल हँड्सनी पाठवलं?" मी त्यांच्यातलाच, म्हणून हो म्हटलं.

"आणि हे काय?" पेढे. कुणी हात लावेना, विष घातल्यासारखं बघत होते. शेवटी टकल्यानं एक तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाला, "फजसारखं लागतंय." म्हणजे इथल्या दुधाच्या वडीसारखं. चहा कुणी विचारला नाही. एक पोरगी कोपऱ्यातून फोनवर व्हिडिओ काढत होती. मी तिला नमस्कार केला.

निघताना कुणी हसलं मागं. तरीही गाडीत बसलो तेव्हा छान वाटत होतं, आंघोळ झाल्यासारखं. आपलं काम आपण केलं. पप्पांना सांगावंसं वाटलं, पण सांगणार कसं?

७ जुलै, सोमवार

व्हिडिओ सगळीकडं फिरतोय. खाली लिहिलंय: 'मिल हँड्सनी धुऊन, घडी घालून, मिठाईसकट शरणागती पाठवली.' मी हात जोडतोय तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवतात.

संध्याकाळी कोडी आणि मार्विन आले. अनीश दारातच उभा राहिला, हातात लाटणं घेऊन. देवाशपथ, पुण्याचा माणूस लाटणं घेऊन. कोडी त्याला म्हणाला, मारायला आलो नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी सांगायला लागलो, पाहुणा होता तो, तुला सांगितलं होतं मी, तू लई भारी म्हणालास. कोडी म्हणाला, "मला गोष्ट वाटली ती. तुझ्या गावाकडची गोष्ट." मग म्हणाला, "आमच्याकडं काय आहे, सांग? गिरणी गेली. टीम हरते. एक शनिवार आम्ही कुणीतरी होतो, तो तू तीन तास गाडी चालवून परत देऊन आलास." त्याचा आवाज फाटला. मार्विन माझ्याकडं न बघता भिंतीला टेकून उभा होता. त्याचा वरचा ओठ अजून सुजलेला आहे, पातळ काहीतरी पितोय म्हणे आठवडाभर.

कोडीनं हात पुढं केला. मला वाटलं, हात मिळवायला. पण तो मफलर मागत होता.

दिला. हलगीही आणून दिली, म्हटलं, ही पण ठेवा. मार्विननं ती माझ्या हातात परत दिली आणि बोबड्या आवाजात म्हणाला, "ही तुझी आहे." मग गेले. ट्रकचा आवाज ओळखीचा झालाय, वळणापर्यंत ऐकू आला.

८ जुलै, मंगळवार

अनीशनं वरण-भात केला. जेवलो नाही.

१३ जुलै, रविवार

काल मॅच नव्हती, तरी पाय संध्याकाळी दाराकडं जात होते. पप्पांचा फोन उचलला नाही. बसलेला घसा ओळखणारा माणूस, रडका आवाज ओळखणार नाही होय?

मला घरी जायचंय. अमेरिकेत चार पैसे नि डिग्री सगळ्यांना मिळते, मला कट्टा हवाय. संग्रामनं काल गल्लीतला व्हिडिओ पाठवला, पोरं पावसात चिखलात खेळतायत. पंचवीस वेळा बघितला असेल. त्यात माझी जागा कुणीतरी घेतलीय, कठड्यावरची. इथलीही गेली. मग मी नक्की कुठला?

१९ जुलै, शनिवार

आज शेवटची होम मॅच. गेलो नाही. सात वाजता खोलीत बसून होतो, हलगी मांडीवर. वाजवली नाही. दीपा मावशी आत डोकावल्या, म्हणाल्या, "सत्यजित, बाळा, हवापालट म्हणून तरी बाहेर पड." त्यांना काय सांगणार?

२० जुलै, रविवार

सकाळी पप्पांचा फोन. उचलला. जेवलास काय वगैरे काही नाही. पहिलंच वाक्य:

"आज पहाटे हलगी न्हवती."

मला कळेना काय म्हणतात. "कुठली हलगी?" म्हटलं.

"तुझी. पहिल्या हाफात वाटलं उशिरा येतोयस. दुसऱ्या हाफातबी न्हवती. शेवटपर्यंत बसलो मी."

घरची असो की बाहेरची, क्लबचा माणूस स्टँडवर कॅमेरा लावून मॅच नेटवर दाखवतो, ते मला माहीत होतं. ते बघतं कोण, असं म्हणून आम्हीच हसायचो. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची पहाटे साडेचार. एप्रिलपासून बघतायत. दर वेळी. चार वाजता उठून, आई जागी होऊ नये म्हणून आवाज बारीक करून.

"त्या कॅमेऱ्यात नुसता धूर दिसतोय," पप्पा म्हणाले. "तू काय दिसला न्हाईस एकदाबी. पण हलगी ऐकू यायची. मग मी म्हणायचो, हाय, बरा हाय."

मी विचारलं, "हलगी आईनं पाठवली ना?"

"तिला माळ्यावर चढता येतंय काय?" म्हणाले. "शर्ट मुद्दाम जुना घेतला. नव्याला भुशीचा वास नसतोय."

मग मी सगळं सांगितलं. रडत रडतच, लपवलं नाही. बॅनर, मार्विनचे दात, पेढे, बार, मफलर. वाटलं आता बोलतील, दोन वर्षांचं कबूल केलं होतंस. ते ऐकत राहिले. मागं रस्त्यावरून टेम्पो गेल्याचा आवाज आला, आमच्याच गल्लीतला.

"पेढे ताजे होते?"

"होते."

"कोण कोण गेला होतासा?"

"मी एकटाच."

"तिथंच चुकलं बघ," पप्पा म्हणाले. राग नव्हता आवाजात, माप घेताना असतात तसे होते. "पाहुणा पोचवायला एकट्यानं जायचं नसतंय. अख्खी पेठ जाती. म्होरं हलगी. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा मागं तीनशे माणूस होतं. म्हणून त्यांनी चहा पाजला. एकटा गेलो असतो तर मलाबी हसले असते. आणि ह्या पोरांना तू इचारलंसच न्हाई. झेंडा तुझा एकट्याचा कवा झाला? त्या पोराचे दात गेलेत त्यात."

मी बाहीनं डोळे पुसले.

"त्याच्याकडं जाऊन आलास?"

"नाही."

"तीन तास लांब त्यांच्याकडं गेलास, आणि आपल्या माणसाकडं न्हाई?"

आपल्या माणसाकडं, म्हणाले. मार्विनला. ज्याला त्यांनी कधी बघितलेलं नाही, धुरात असेल तेवढाच.

"आज जा," पप्पा म्हणाले. "पेढे नेऊ नकोस, चावणार कसा तो? शिरा कर. मऊ कर, तूप सैल सोड. आईला देतो, ती सांगंल."

"त्यानं दारच उघडलं नाही तर?"

"मग दारात ठेवून ये. उद्या परत जा." मग म्हणाले, "पुढच्या शनिवारी आजून एक हाय न्हवं मॅच, बाहेरची? गजर काढत न्हाई मी."

आई फोनवर आली. साखर किती, पाणी किती, वेलदोडा शेवटी. अनीश कधी येऊन उभा राहिला होता माहीत नाही. त्यानं गाडीची किल्ली ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मी पण येतो. मागं एक तरी माणूस पाहिजे ना."

मी रवा भाजायला घेतला.